चढ नसलेली रेघ

४ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यातल्या मशीनची कंपनी दरवर्षी वह्या पाठवते, त्यातली ही एक. आजवर मी ती ताईला देत आलो. ती त्यात गिऱ्हाइकांची मापं लिहायची. यंदा तिने परत केली. म्हणाली, मला हल्ली बारीक अक्षर लागत नाही, तूच काहीतरी लिही.

काल ती जिन्यात पडली. संध्याकाळ होती, जिन्यातला दिवा लागलेला होता. तीस वर्षं उतरतेय तो जिना, डोळे मिटून उतरेल. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण मी खोदून विचारलं तेव्हा कबूल झाली. महिनाभर सगळं चमचमतंय म्हणे. तापलेल्या तव्यावरची हवा हलते ना, तसं. डोळे मिटले तरी थांबत नाही. आणि उजेड कमी झाला की माणसं भिंतीत विरघळतात.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढली आणि माझ्या घरातल्या माणसाने मला महिनाभर सांगितलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तू दिवसभर लोकांचे डोळेच बघतोस. घरी आल्यावर तरी सुट्टी नको?"

मोतीबिंदू असणार. अठ्ठावन्न वय आहे, शिवाय जन्मभर शिवणकाम.

हे चालू असताना खालचा घड्याळवाला आला, हातात शर्ट घेऊन. बटण तुटलं होतं. या माणसाची बटणं इतकी कशी तुटतात, देव जाणे. आठवड्यातून दोनदा. ताई पडलीय हे बघून तरी निघून जावं, तर तासभर बसला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना दाखवलं. आमच्या पडद्याच्या डॉक्टर. मोतीबिंदू नावापुरता. डोळ्याचा पडदा स्वच्छ, रक्तवाहिन्या ठीक, दाब ठीक. मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन ताईला म्हटलं, तुझा पडदा माझ्यापेक्षा तरुण आहे. ती हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, सोमवारी तुमच्याकडची तपासणी करून टाका.

माझ्याकडची म्हणजे पडद्याच्या विजेची. चार वर्षांपूर्वी दवाखान्याने हे मशीन घेतलं. तोवर मी चष्म्याचे नंबर काढत होतो. तीन आठवडे बाहेरगावी राहून शिकून आलो आणि विभाग माझ्या ताब्यात आला. विभाग म्हणजे एक खोली, तीही काळी रंगवलेली. पण दारावर माझं नाव आहे. ताई मुद्दाम ते बघायला आली होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

दहा वाजता बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. मग वीस मिनिटं काळोखात बसवलं. तांबडा दिवा तेवढा कोपऱ्यात. कपाळाला आणि कानाला पेस्ट लावून तारा चिकटवल्या. खालच्या पापणीत चांदीचा मुलामा दिलेला बारीक धागा ठेवायचा असतो, तो ठेवला. ताई म्हणाली, "हा कसला दोरा, याला पीळच नाही." मी म्हटलं, याने शिवायचं नसतं, ऐकायचं असतं. काय ऐकायचं, असं तिने विचारलं. म्हणून सांगितलं.

पडद्यात उजेड शिरला की आधी पहिल्या पेशी जाग्या होतात. त्या जाग्या झाल्या की कागदावरची रेघ खाली जाते. त्या मधल्या पेशींना निरोप देतात, आणि मधल्यांनी तो घेतला की रेघ वर चढते, खाली गेली त्याच्यापेक्षा खूप वर. मधल्या पेशींच्या दोन वाटा असतात. एक वाट उजेड आल्याचं कळवते, दुसरी उजेड गेल्याचं. ताई ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे बरं-वाईट सांगणारी माणसं वेगवेगळी." मी तारा तपासत होतो.

तेवढ्यात म्हणाली, "धाकट्या, तुला एक विचारायचं होतं. बरेच दिवस झाले."

मी म्हटलं, आत्ता बोलू नकोस, जबडा हलला की रेघ हलते. मग ती बोलली नाही. नंतर आठवणीने विचारलं तर काही नाही म्हणाली.

पहिला बारीक प्रकाश टाकला. रेघ सपाट. वाटलं, धागा सरकला. पुन्हा बसवला. सपाट. मोठा प्रकाश टाकला. रेघ खाली गेली, अगदी पुस्तकात असते तशी, खोल. आणि मग चढलीच नाही. खालून मूळ जागी आली आणि थांबली.

पेस्ट पुसून पुन्हा लावली. धागे बदलले. दुसरा डोळा घेतला, तोही तसाच. ताईला बाहेर बसवलं, दार लावलं आणि स्वतःलाच तारा लावून घेतल्या. माझी रेघ खाली गेली आणि डोंगरासारखी वर चढली. मशीनला काही झालेलं नाही.

तिला परत आत घेतलं. या वेळी उजेडातली तपासणी. दिवा लावायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग विझवायचा. दिवा लागला की एक चढ यायला हवा, विझला की दुसरा. लागल्याचा चढ नव्हता. विझल्याचा होता, चांगला ठसठशीत.

मी ताईला सांगितलं की मशीन जरा कुरकुर करतंय, निकाल उद्या मिळेल. तिने थेंबांनी मोठ्या झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. चहा घेऊ या का?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला. मी आपणहून सांगायला लागलो की जन्मजात रातांधळेपणातही अशीच रेघ येते, तो वाढत नाही, त्यात काळजीचं काही नसतं. त्यांनी विचारलं, तरुणपणी अंधारात दिसायचं का त्यांना? मी म्हटलं, आठवत नाही.

खोटं बोललो. मी शाळेत असताना वीज गेली की ताई मेणबत्तीच्या उजेडात काळ्या कोटाला काळी बटणं लावायची.

मग त्यांनी विचारलं, कधी काही ऑपरेशन? नाही, म्हटलं. अंगावरचा एखादा तीळ, चामखीळ काढली होती का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं. चार वर्षांपूर्वी तळपायावर काळा डाग आला होता. काढून घेतला. रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली होती. काही नाही निघालं, असं सांगितलं होतं.

मॅडमनी कागद उलटा ठेवला. त्या काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तकात एक पान होतं त्यावर. त्या डागाचा कर्करोग अंगात पुन्हा पसरतो तेव्हा शरीर त्याच्याशी लढायला काही द्रव्यं तयार करतं, आणि ती चुकून पडद्यातल्या मधल्या पेशींवर तुटून पडतात. उजेड आल्याचं कळवणारी वाटच तेवढी बंद होते. परीक्षेत मला यावर प्रश्न आला होता. पैकीच्या पैकी मिळाले होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं तिला. जुना रिपोर्ट कुठे आहे?

तिने नमुन्यांच्या कागदांचा डबा पुढे केला. फ्रॉकचे गळे, बाह्या, कॉलर, आणि त्या सगळ्यांच्या खाली फाईल. तो डाग कर्करोगाचाच होता. आठ दिवसांनी दुसरं ऑपरेशन झालं होतं, आजूबाजूचं मांस काढायला. दर सहा महिन्यांनी तपासणी. ती सगळ्या तपासण्यांना गेली होती. मागची ऑक्टोबरमधली, ठीक होती. संमतीच्या कागदावर सोबत्याची सही घड्याळवाल्याची. नात्याच्या रकान्यात 'शेजारी'.

मी खूप बोललो. परक्या माणसाला सांगितलंस आणि मला नाही, असं म्हणालो. आणखीही बरंच काही. ती पायाखाली मशीनची फळी नसतानाही पाय हलवत बसली होती, शिवताना हलवते तसा.

मग म्हणाली, "तू तेव्हा ते मशीन शिकायला गेला होतास. कळलं असतं तर परत आला असतास. जागा दुसऱ्याला मिळाली असती."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

स्कॅन झाला. यकृतात आहे, फुप्फुसात आहे. कर्करोगाचे डॉक्टर तरुण आहेत, बोलताना पेनाचं टोपण काढतात-लावतात. औषध देऊन बघू म्हणाले. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं ताईने. महिन्यांत बोलले.

घरी येताना ती म्हणाली की कोपऱ्यावरच्या शाळेचे गणवेश हातात घेतलेत, ते पुरे करून द्यायला हवेत. मी काहीतरी उत्तर दिलं असेल.

१२ मार्च, बुधवार

पहिलं औषध तिला सोसलं नाही. अंगावर पुरळ, जुलाब, पाच दिवस अन्न नाही. वजन कमी झालंय. डोळे आहेत तसेच आहेत. दिवसा दिसतं, पण सगळं लुकलुकत असतं, म्हणून सुईत दोरा जात नाही. सकाळी कामाला जाण्याआधी मी तिला दहा-बारा सुया ओवून ठेवतो आणि उशीला टोचून ठेवतो. दुपारी घड्याळवाला वर येऊन आणखी ओवून देतो म्हणे. त्याची भिंगं असतात डोळ्याला लावायची. ते ऐकून मला राग का आला, कळत नाही.

त्याला माझ्याआधी सगळं ठाऊक होतं. चार वर्षं जिन्यात भेटला की हसायचा, आणि पोटात हे.

१८ मार्च, मंगळवार

आज त्याला सांगून टाकलं. दुकानात गेलो. डोळ्याला भिंग लावून काम करत होता, ते काढून उभा राहिला. म्हटलं, काका, ताईला आता विश्रांतीची गरज आहे. येणं-जाणं जरा कमी केलंत तर बरं होईल. तो हो म्हणाला. काही विचारलंही नाही.

घरात शांत वाटतंय. योग्यच केलं.

२६ मार्च, बुधवार

आठ दिवसांत ताई दोन-दोन घासांवर आलीय. औषध बंद होऊन पंधरा दिवस झाले, तरी. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आजाराचा भाग आहे. सुया ओवलेल्या तशाच उशीत असतात. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला सांगते. मला वाटलं, उजेडासाठी. दुसरी चांगली जागा करून दिली, खिडकीजवळ. पुन्हा दाराकडे करून मागितली.

आज संध्याकाळी विचारलं तिने, सहज विचारल्यासारखं. "खालचं दुकान बंद आहे का?"

उघडं आहे, म्हटलं.

"बरं," म्हणाली. मग तोंड फिरवलं आणि शाल ओढून घेतली.

मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. लोकांच्या डोळ्यात धागे घालून आतली वीज मोजतो. मला हे आज कळलं.

तसाच खाली गेलो. तो शटर ओढत होता. बसा, म्हणाला. दुकानात दोन माणसं बसतील एवढीच जागा, गुडघ्याला गुडघा लागतो. मी विचारायच्या आधीच तो बोलायला लागला. चढा आवाज नाही, तक्रारही नाही, घड्याळात काय बिघडलंय ते सांगावं तसं.

बावीस वर्षांपूर्वी त्याने ताईला विचारलं होतं. ती म्हणाली, धाकटा नोकरीला लागू दे. मी लागलो. म्हणाली, त्याचं लग्न होऊ दे. झालं. दोघांनी तारीखसुद्धा बघायला घेतली होती. मग माझी बायको दीड वर्षात निघून गेली आणि मी ट्रंक घेऊन ताईच्या दारात आलो. तेव्हा ती म्हणाली, आता याला एकटं कसं टाकू? त्यानंतर त्याने विचारणं सोडलं. यायचं सोडलं नाही.

"या जानेवारीत तिनेच विषय काढला," तो म्हणाला. "म्हणाली, आता त्याला विचारते. तो नाही म्हणायचा नाही. फेब्रुवारीत विचारणार होती तुम्हाला."

मी त्याला सांगितलं नाही की तिने विचारायला घेतलं होतं, काळोखात, माझ्या खोलीत, आणि मी तिला गप्प केलं होतं. सांगायला हवं होतं. इथे लिहितोय, पण ते काही सांगणं नव्हे.

वर चला, म्हटलं. त्याने हात धुतले, शर्ट बदलला. या शर्टाला सगळी बटणं होती.

ताई जागी होती. त्याच्या पावलांवरून तिने ओळखलं असावं, कारण तो दारात यायच्या आधीच ती उठून बसली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे मला ऐकू येणार नाही आणि त्यांना कळेल की मला ऐकू येत नाही. बाहेर आलो तेव्हा ती अर्धी वाटी भात खात होती, आणि भात तिखट झालाय म्हणून तो माझी तक्रार करत होता.

२७ मार्च, गुरुवार

ताईला म्हटलं, तुम्ही दोघं लग्न करा. मी सगळी धावपळ करतो.

ती खूप वेळ हसली, मग खोकली. म्हणाली, "नवरीला जिना उतरता येत नाही. राहू दे. त्याला फक्त वर राहायला येऊ दे."

५ एप्रिल, शनिवार

सोय अशी लावली. काका माझ्या खोलीत आणि मी खाली दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथे त्याची खाट आहे, अरुंद. भिंतभर घड्याळं, सगळी वेगवेगळ्या वेळा दाखवतात. सुरुवातीला वाटलं, झोप लागणार नाही. लागते.

शाळेचे गणवेश पुरे झाले. ताई बोटांनी शिवण चाचपून सांगायची आणि काका मशीन चालवायचा. एक बाही उलटी बसली. ताईने ती उसवायला लावली, दोनदा. त्याला म्हणाली, घड्याळं बरी, ती उसवून परत शिवावी लागत नाहीत. मी दारात उभा होतो. तिला तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात आईपण नव्हतं. आमच्या घरात ती नेहमी आईच्या आवाजात बोलत आलीय. आई गेली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, मी सहा. तिला दुसरा आवाज होता हे मला माहीत नव्हतं. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर मीच सांगायचो, तिला आवडच नव्हती.

२८ एप्रिल, सोमवार

आता अंथरुणातून उठत नाही. पोट फुगलंय. दुखण्याचं औषध सहा-सहा तासांनी. काका वेळ चुकू देत नाही.

दुपारी तो आंघोळीला गेला होता तेव्हा मी तिच्याजवळ बसलो. तिला सांगितलं की त्या दिवशी मी तुला बोलू दिलं नाही. तिने आठवल्यासारखं केलं. खरंच आठवलं की मला बरं वाटावं म्हणून, कळलं नाही. म्हणाली, "अरे, तू काम करत होतास."

मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, डोक्यावर हात ठेव, गरम लागतंय का बघ. लागत नव्हतं. पण मी हात काढला नाही, आणि तिनेही काढ म्हटलं नाही.

९ मे, शुक्रवार

ताई पहाटे गेली. काका जवळ होता. मी खाली होतो. त्याने हाक मारली नाही, स्वतः खाली आला आणि दारावर टकटक केली.

१५ जून, रविवार

महिन्याहून जास्त झाला. लिहायला काही नव्हतं म्हणून नाही लिहिलं, असं म्हणणं खोटं ठरेल. होतं.

कामावर जातो. मॅडमनी पंधरा दिवस माझ्याकडे पेशंट पाठवले नाहीत, मग पाठवायला लागल्या. काका दुसऱ्याच दिवशी परत खाली गेला आणि मी वर आलो. जेवायला दोघांचं करायचो आणि डबा खाली नेऊन द्यायचो. तो घ्यायचा. डबा धुवून परत यायचा. बोलणं तेवढंच.

आज सकाळी खाली टेम्पो दिसला. दुकानातल्या भिंती रिकाम्या, जमिनीवर खोकी. त्याच्या धाकट्या बहिणीच्या गावी चाललाय, कायमचा. मला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, काका, जायची काय गरज आहे? वर राहायला या. ताईची खोली आहे. मलाही सोबत होईल.

तो खोक्याला दोरी बांधत होता. गाठ मारून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. एवढा वेळ त्याने माझ्याकडे कधी बघितलं नसेल.

"तिने मला सांगितलंय, त्याला एकटं टाकू नकोस म्हणून," तो म्हणाला. "मी हो म्हणालो. पण मला जमणार नाही. बावीस वर्षं मी तुमच्यावर रागावलो नाही. तिला आवडलं नसतं. आता ती नाही."

आवाज तोच, घड्याळातला बिघाड सांगणारा.

थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तुमची हनुवटी तिच्यासारखी आहे. मला बघवत नाही."

टेम्पोवाला घाई करत होता. अकरा खोकी होती. एकट्याला उचलण्यासारखी नव्हती. मी एका बाजूने धरलं, त्याने दुसऱ्या बाजूने. जपून, काचा आहेत, एवढंच म्हणाला. आम्ही एकेक करून सगळी चढवली.